कुंपण आणि मुदत

१९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळच्या माळावर एक तुरुंग काढला आणि त्याला भिंत घातली नाही. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. हा माणदेशाचा मुलूख, पाऊस आला तर आला. शिक्षा झालेल्या माणसांनी तिथे बायकापोरांसह राहावं, जमीन कसावी आणि मुदत संपली की घरी जावं, एवढीच योजना. महाराष्ट्र शासनाने ती पुढे चालू ठेवली. आज सरकारी कागदावर तिचं नाव 'खुली वसाहत' असं आहे.

कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हा पोलंडचा ज्यू इंजिनियर नोकरीच्या निमित्ताने बंगळूरला आला, गांधींच्या प्रभावाने खादी वापरू लागला, 'भारतानंद' म्हणवू लागला आणि अप्पासाहेब पंतांच्या मैत्रीमुळे औंधात पोचला. अप्पासाहेबांचे वडील, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रसंग्रहासाठी आठवले जातात. पण त्याच १९३९ साली त्यांनी गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार गावपंचायतींकडे सोपवणारी घटना जाहीर केली होती. स्वतंत्रपूर हे त्याच विचाराचं फळ. रयतेच्या हाती राज्य देता येतं, तर कैद्याच्या हाती त्याचा स्वतःचा दिवस का देऊ नये?

पुढे याच तालुक्यातल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा मोठा आहे, यात वाद नाही. तरी माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे. जेलरच्या डोळ्यांतली जरब आणि माया कैद्यांना बांधून ठेवते, असं तो आपल्या मनावर ठसवतो. मग सुधारणा म्हणजे एका संताची करामत होऊन बसते आणि संत बदलून गेला की कारभार थांबतो. भिंत नसलेल्या वसाहतीत माणूस रात्री पळून का जात नाही, याचं उत्तर इतकं दैवी नसावं. घरात पोर झोपलेलं असतं, वावरात पीक उभं असतं, आणि सुटकेची तारीख त्याला ठाऊक असते. पळालो तर हे तिन्ही जाणार, हा हिशेब कुणालाही कळतो.

यातला तिसरा मुद्दा, तारखेचा, आपण नेहमी विसरतो. तो कळायला आटपाडीहून शे-सव्वाशे किलोमीटरवर, सोलापूरला जावं लागतं.

सोलापुरात आजही 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा, मांग-गारुडी अशी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड आणली गेली. कामाला सोलापूरच्या गिरण्या होत्याच. रोजची हजेरी होती, बाहेर जायला पास होता. आतल्या एखाद्याने काय केलं होतं, हा प्रश्न कोर्टापुढे यायचाच नाही. जमातीचं नाव पुरे होतं.

हे सगळं चालवणारे बहुतेक क्रूर नव्हते, ही त्यातली अवघड गोष्ट. मुंबई इलाख्यातल्या सेटलमेंटचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली पुढे अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती बसली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० मध्ये तिचा अहवाल आला. सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, धंदेशिक्षण होतं. माणूस सुधारावा अशी इच्छाही होती. म्हणजे 'सुधारणा' हाच शब्द स्वतंत्रपुरातही होता आणि सोलापुरातही. आटपाडीच्या माळावर खरे गुन्हेगार कुंपणाविना राहत होते, त्याच काळात सोलापुरात गुन्हा शाबीत न झालेली लेकरं तारेच्या आत वाढत होती.

फरक कशात? कायद्याच्या पुस्तकांत शिक्षेचे चार हेतू सांगतात: जरब, प्रतिफल, प्रतिबंध, सुधारणा. त्यांतल्या प्रतिफलाला आपण सुशिक्षित माणसं नाक मुरडतो. सुडाचंच सोवळं नाव, असं म्हणतो. मीही बरीच वर्षं म्हणत होतो. पण प्रतिफल निदान मोजतं. काय केलंस, त्याचं एवढं, ते भोगलंस की संपलं. सुधारणेला असं माप नाही. तू सुधारलास हे कोण ठरवणार, कधी ठरवणार? सेटलमेंटमधल्या माणसाने काही केलेलंच नव्हतं, म्हणून त्याचं 'एवढं' ठरवता येत नव्हतं, आणि म्हणून त्याला तारीखही नव्हती. स्वतंत्रपुरातली सुधारणा माणुसकीची ठरली, कारण तिच्याभोवती आधी ठरलेल्या शिक्षेची मुदत होती.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये मोहम्मद गियासुद्दीन खटल्यात सुधारणेची बाजू मोठ्या कळवळ्याने मांडली. नोकरीचं आमिष दाखवून फसवणूक करणाऱ्या तरुणाची शिक्षा त्यांनी घटवली, आणि तुरुंगात त्याला कोणतं काम द्यावं याचीही दखल घेतली. त्या निकालाचं कौतुक करताना एक बारकावा निसटतो. सुधारणेच्या नावाखाली त्यांनी शिक्षा कमी केली, वाढवली नाही.

सेटलमेंटमागचा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. नाव बदललं, नजर बदलली नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत ती नजर किती खोल मुरली होती, ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात दिसलं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जातीवरून कैद्यांना झाडूकाम नि स्वयंपाक वाटून देणारे नियम रद्द केले. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींचाही तिथे समाचार घेतला.

आपल्या तुरुंग खात्याचं नाव आता 'कारागृह व सुधारसेवा' आहे. खुली कारागृहं वाढावीत, असं प्रत्येक समिती म्हणते. म्हणावंच. पण खुल्या कारागृहाचं दार पक्क्या कैद्यासाठी आहे: ज्याचा गुन्हा शाबीत झाला, ज्याने काही वर्षं काढली, ज्याची वर्तणूक बरी. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारातली तीन. त्यांना मुळात शिक्षाच झालेली नाही. मग जरब कसली, प्रतिफल कशाचं, सुधारणा कोणाची? सक्तमजुरीच्या कैद्याला काम असतं, थोडी मजुरी असते. संचित रजा आणि माफीचे दिवस असतात. कच्चा कैदी बराकीत बसतो. त्याच्याकडे असते ती पुढची तारीख, आणि ती सुटकेची नव्हे.

त्यावर उपाय म्हणून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आलं. याआधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे वगळले आहेत, ते समजण्यासारखं आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की माणसावर एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल, तर ही सवलत नाही.

शिवारात चोरी झाली की पोलीस अजून आधी पारध्यांच्या पालावर जातात. गेल्या वर्षीच्या एका संशयात नाव, यंदाच्या दुसऱ्या संशयात नाव. दोन्ही शाबीत नाहीत. पण दोन झाली. आता तो पोरगा कलम ४७९ च्या बाहेर, बराकीच्या आत, आणि संध्याकाळी मोजदादीला उभा.