आम्लाचे पाणी आणि काळी माती

आम्लधर्मी पाणी पिकाला किती बाधेल, हे पाण्याइतकेच, किंबहुना जास्तच, ते कोणत्या मातीत मुरते यावर ठरते. पाण्याची आम्लता सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. सामू ७ असलेले पाणी उदासीन, त्याखालचे आम्लधर्मी आणि वरचे विम्लधर्मी. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. पावसाच्या स्वच्छ पाण्यातही हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि त्याचा सामू ५.६ च्या आसपास येतो. थोडीशी आम्लता पिकांना नवी नाही.

पाणी फारच आम्ल असेल तर पाने करपतात आणि मुळांची कोवळी टोके मरतात. पण शेतात आम्लता बहुधा आडवाटेने मारते. जमिनीचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की मातीतल्या खनिजांत अडकलेले ॲल्युमिनियम विरघळू लागते. ते मुळांची वाढ खुंटवते. मुळे आखूड आणि जाड होतात, बारीक तंतू फुटत नाहीत. मग ओल असूनही झाड तहानलेले राहते. स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो, कॅल्शियम व मॅग्नेशियम निचऱ्याबरोबर वाहून जातात. सोयाबीन-तुरीसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठीही कमी धरतात.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८५६ पासून चाललेल्या कुरणाच्या प्रयोगात अमोनियम सल्फेट खत दिलेल्या वाफ्यांतली माती सतत आम्ल होत गेली आणि तिथे गवताच्या मोजक्याच जाती उरल्या. महाराष्ट्रात असा धोका कोकणात आहे. तिथल्या मुसळधार पावसाने जांभ्या जमिनीतला चुना धुऊन नेलेला असतो, म्हणून तिथे जमिनीला चुना देण्याची शिफारस होते.

वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातले धनज हे गाव मातीच्या बाबतीत कोकणाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. या भागाची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त. अशा मातीचा सामू बहुतेक ७.५ ते ८.५ असतो. शेतातला पांढरा खडा उचलून त्यावर लिंबू पिळले आणि फेस आला, तर ती चुनखडी. हीच चुनखडी आम्ल पिऊन टाकते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मातीत फक्त १ टक्का चुनखडी धरली, तरी हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ती सुमारे २० टन भरते. सामू ४ असलेले पाच लाख लिटर पाणी, म्हणजे हेक्टरभर ५ सेंटिमीटरची पाळी, त्यातली फार तर पाच किलो संपवते. कुंडीतल्या मोजक्या मातीला मात्र असा साठा नसतो. तिथे पाण्यात व्हिनेगर घालण्याचे प्रयोग रोप घालवतात.

त्यामुळे शेतातल्या या काळ्या मातीत दुखणे उलट दिसते. सामू जास्त असल्याने लोह आणि जस्त मुळांना मिळत नाहीत. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सोयाबीन आणि संत्र्यावर हे हमखास दिसते. पानांवर हिराकस फवारल्याने तात्पुरता उतार पडतो. पाण्यात आम्ल ओतून अशा जमिनीचा सामू उतरवू पाहणे हा मात्र पैशांचा चुराडा.

आम्लाचा खरा उपयोग फवारणीच्या टाकीत आणि ठिबकच्या नळ्यांत. काही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके, उदाहरणार्थ डायमेथोएट आणि मॅलेथिऑन, विम्लधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. विहिरीचे पाणी तसे असेल तर त्यात आधी थोडे सायट्रिक आम्ल मिसळून सामू उतरवतात. बोर्डो मिश्रणाचे तंत्र नेमके उलटे. मोरचूद आम्लधर्मी असते, म्हणून त्यात चुना मिसळून आम्लता मारावी लागते. संत्र्याच्या डिंक्यासाठी बोर्डो मलम करताना घासून चकचकीत केलेला खिळा त्यात बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर आम्ल शिल्लक आहे, चुना वाढवायचा. ही परीक्षा न करता बोर्डो मिश्रण फवारले तर पाने करपण्याची भीती असते.

कठीण पाण्यातला चुना ठिबकच्या छिद्रांत साचतो आणि ओळीतली काही झाडे कोरडी राहतात. त्यावर आम्लप्रक्रिया करतात: लॅटरल नळीच्या टोकाशी पाण्याचा सामू ४ च्या आसपास येईल इतके आम्ल सोडायचे, संच बंद करून २४ तास ठेवायचा, मग टोके उघडून स्वच्छ पाण्याने धुवायचा. किती आम्ल लागेल हे पाण्यागणिक बदलते, तेव्हा शेजाऱ्याचे माप उसने न घेता आपल्या विहिरीचे पाणी बादलीत घेऊन पीएच कागदाने आधी ठरवावे. हातमोजे आणि चष्मा घालावा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही.