पाण्याची वीज, वाफेची वीज

आमचं गाव कुंडलिकेच्या काठचं. कोकणातल्या बहुतेक नद्या होळी सरली की आटू लागतात, पात्रातले दगड उघडे पडतात. कुंडलिका मात्र भर मे महिन्यातही वाहते. लहानपणी मी दादीला विचारलं होतं, "आपल्याच नदीला पाणी कसं गं?" ती म्हणाली, "मुंबईत दिवे लागतात ना, म्हणून." मला वाटलं, दादी थट्टा करतेय. पण ते अगदी खरं होतं.

त्याच काळात अब्बा मुंबईत एका गिरणीत बॉयलरवर कामाला होते. ते सुट्टीत घरी येत, तेव्हा नखांत कोळशाची काळी रेघ असायची. म्हणजे एक शहर, आणि त्याला लागणारी शक्ती दोन वाटांनी येत होती. एक आमच्या नदीवरून, दुसरी अब्बांच्या हातून. यातली स्वस्त कोणती?

मुंबई कोळशाच्या खाणींपासून फार लांब. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरण्या वाफेवर चालत, आणि त्यांचा कोळसा बंगालकडून किंवा थेट परदेशातून यायचा. कोळशाइतकंच त्याचं भाडंही जड व्हायचं. उलट शहरापासून 70-80 किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडत होता. तो अडवून कड्यावरून खाली सोडायची योजना जमशेटजी टाटांनी मनावर घेतली. 1904 मध्ये ते गेले. पुढे मुलानं, दोराबजींनी ती तडीस नेली. 1911 मध्ये लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. मग 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये, मुळशीच्या पाण्यावर, आमच्या नदीच्या उगमाकडचं भिरा.

आता साधा हिशेब करू. घाटमाथ्यावरून सुमारे 500 मीटर खाली हजार लिटर पाणी, म्हणजे पाच मोठी पिंपं, सोडली, तर एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज मिळते. तेवढ्याच विजेसाठी आजच्या चांगल्या औष्णिक केंद्रातही 600-700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. वाफेच्या वाटेत उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो, बाकीची वाया जाते. पाण्याच्या चक्रात मात्र बहुतेक सगळी शक्ती हाती लागते. शिवाय कोळसा रोज विकत घ्यायचा, आणि पाऊस फुकट.

मग सगळीच वीज पाण्याची का नाही? मंडळी, हा प्रश्न स्वतःचं घर बांधावं की भाड्यानं राहावं, यासारखा आहे. धरण, बोगदे, नळ, तारांचे मनोरे यांचा सगळा पैसा पहिला दिवा लागण्याआधी ओतावा लागतो. पाऊस पडो न पडो, व्याज चालूच. पण कर्ज एकदा फिटलं की घर आपलं. खोपोलीचं केंद्र शंभरी ओलांडूनही चालू आहे. वाफेचं केंद्र त्या मानानं कमी भांडवलात उभं राहतं, शहराजवळ बांधता येतं, गरज वाढली की वाढवता येतं. पण भाडं जन्मभर, आणि ते वाढत जाणारं.

घाटातले कडे तर मोजकेच. म्हणून 1956 मध्ये ट्रॉम्बेला वाफेचं केंद्र आलं. आज खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून क्षमता साधारण 450 मेगावॉट आहे. मुंबईची मागणी मे 2024 मध्ये 4,000 मेगावॉटच्या वर गेली होती. तरीही पाण्याचं मोल उतरलेलं नाही. थंड बॉयलर तापायला तास न् तास लागतात, पाण्याचं चक्र काही मिनिटांत फिरू लागतं. मागणी एकदम चढते, तेव्हा हेच पाणी धावून येतं. म्हणून युनिटमागे किती पैसे, एवढंच विचारून भागत नाही. कोणत्या वेळचं युनिट, हेही विचारावं लागतं.

इथवरचा हिशेब इंजिनिअरचा झाला. एक हिशेब मुळशीचाही आहे. त्या धरणाखाली मावळातली 52 गावं जात होती, सुमारे अकरा हजार माणसं. 1921 मध्ये रामनवमीच्या दिवशी त्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. 1924 पर्यंत लढा मोडला, आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. अडवलं नसतं तर ते पाणी मुळेतून पुण्याला, पुढे भीमेतून पंढरपूरकडे गेलं असतं. ते पश्चिमेला वळलं, म्हणून आमची कुंडलिका उन्हाळ्यात वाहते. ज्या पाण्यात मी पोहायला शिकलो, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं होतं, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

वाफेचा असा हिशेब अब्बांच्या छातीत होता. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा सोबत एक ट्रंक आणली आणि एक खोकला. ट्रंक अजून आहे.

आपल्या वीजबिलावर 'इंधन समायोजन आकार' असा एक रकाना असतो. इंधन महागलं की तो फुगतो, आपण कुरकुरतो आणि भरतो. मी दर महिन्याला ते बिल वरपासून खालपर्यंत वाचतो. मुळशीच्या खाचरांचा रकाना त्यात नाही. अब्बांच्या खोकल्याचाही नाही. पाण्याची वीज स्वस्त की वाफेची, याचं उत्तर हे दोन आकडे मांडल्याशिवाय देऊ नये, एवढंच मला वाटतं.