तरवड, कुर्डू आणि एका राज्याची ओळख

सर्वपित्री अमावास्येला आपण पितरांची पानं वाढतो आणि दुसऱ्या दिवशी घट बसवतो. तेलंगणात त्याच अमावास्येच्या संध्याकाळी पहिली बतुकम्मा अंगणात येते आणि दुर्गाष्टमीपर्यंत तिचा खेळ चालतो. बतुकम्मा म्हणजे फुलं रचून केलेली गौर. 2014 साली तेलंगणा वेगळं राज्य झालं आणि त्याच वर्षी सरकारने बतुकम्मा आणि आषाढातलं बोनालु हे राज्याचे उत्सव म्हणून जाहीर केले. तळ्याकाठचा बायकांचा खेळ राज्याची खूण कसा झाला, हे समजून घ्यायचं तर आधी ती गौर रचतात कशी ते पाहायला हवं.

फुलं रानातून आणावी लागतात. हे काम बहुधा घरातल्या पुरुषांचं आणि पोरांचं. मुख्य फुलं दोन. तंगेडू म्हणजे आपला तरवड. माळावर, रस्त्याच्या कडेला आपसूक वाढणारं, पिवळ्याधमक फुलांचं झुडूप. गुनुगू म्हणजे कुर्डू. पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्याची कोवळी पानं आपण रानभाजी म्हणून खुडतो, त्यालाच नवरात्रापर्यंत पांढरट गुलाबी तुरे येतात. या तुऱ्यांच्या जुड्या बांधायच्या, देठ एकसारखे कापायचे आणि काही जुड्या लाल, निळ्या, हिरव्या रंगात बुडवून सुकवायच्या. जोडीला झेंडू, शेवंती, भोपळ्याची फुलं.

पितळी ताटात भोपळ्याचं पान अंथरून कडेने पहिला थर लावतात. देठ आत, फूल बाहेर. मधली पोकळी उरलेल्या देठापानांच्या चुऱ्याने दाबून भरतात. खरं कसब या भरावात आहे. तो सैल राहिला की चार थरांनंतर गौर एका अंगाला कलते. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत घेत उतरंडीसारखी निमुळती रचना वर चढवायची आणि शेंड्यावर भोपळ्याच्या फुलात हळदीची गौरम्मा ठेवायची.

संध्याकाळी नवी साडी नेसून, बतुकम्मा डोक्यावर घेऊन बायका देवळापुढच्या मोकळ्या जागेत जमतात. सगळ्या गौरी मध्ये ठेवतात आणि भोवती वाकून टाळ्या देत फेर धरतात. भोंडला, हादगा किंवा भुलाबाई खेळलेल्या कुणालाही हे अनोळखी वाटणार नाही. खिरापतीसारखा इथेही रोज वेगळा नैवेद्य: एक दिवस पोहे, एक दिवस घट्ट वरण, एक दिवस भिजवलेले तांदूळ, एक दिवस घावन. सहाव्या दिवशी गौर रुसलेली असते, म्हणून त्या दिवशी फुलं रचत नाहीत. शेवटचा दिवस सद्दुल बतुकम्माचा. त्या दिवशी सगळ्यांत उंच गौर, दहीभात, चिंचेचा भात असे भाताचे प्रकार आणि मग तळ्यात विसर्जन. माहेरवाशिणी या दिवसांसाठी मुद्दाम येतात.

आता गाण्यांकडे पाहू, कारण राजकारणाची वाट तिथूनच जाते. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात आणि प्रत्येक ओळीला ‘उय्यालो’ची जोड येते. चाल ठरलेली, ठेका ठरलेला, मजकूर मात्र मोकळा. त्यात शिव-पार्वती असतात, सासुरवास असतो, दुष्काळ असतो, गावात घडलेली एखादी गोष्टही असते. म्हणजे नवी व्यथा आली की तिला बसायला जागा तयारच असते.

अशी व्यथा 1956 पासून साचत होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले आणि तेलंगणा आंध्राला जोडला गेला. भाषा एक असूनही हा संसार सुखाचा झाला नाही. पाणी आणि नोकऱ्या यांवरून 1969 मध्ये मोठं आंदोलन पेटलं. त्यापलीकडे एक जखम होती ती मानाची. किनारपट्टीच्या जिल्ह्यांतली तेलुगू प्रमाण ठरली आणि तेलंगणाची उर्दूमिश्रित बोली सिनेमात खलनायकाच्या किंवा विनोदी नटाच्या तोंडी गेली. आपलं बोलणं गावंढळ ठरवलं जातं, हे दुःख मराठवाड्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

2001 मध्ये के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगणा राष्ट्र समिती काढली, तेव्हा या चळवळीला भाषणांपलीकडचं काही हवं होतं. किनारपट्टीच्या आंध्रात बतुकम्माची परंपरा नव्हती आणि तेलंगणात ती गावोगाव होती. वेगळेपण दाखवायला याहून सोपी खूण सापडणं कठीण. राव यांच्या कन्या कविता यांच्या तेलंगणा जागृती या संस्थेने शहरात मोठे बतुकम्मा उत्सव भरवले. आंदोलनात बायकांनी रस्त्यावर गौर मांडून फेर धरला. त्याच रस्त्यांवर चुली पेटवून सामुदायिक स्वयंपाक झाला. त्या निषेधाला ‘वंटावारपू’ म्हणत. फुलांभोवती गाणाऱ्या बायकांना पांगवणं पोलिसांना अवघड जातं, हा त्यातला व्यवहार. पण नुसत्या डावपेचाने हे साधलं नसतं. गाणी बायकांना पाठ होती आणि ती त्यांची स्वतःची होती.

2 जून 2014 ला राज्य झालं. चिन्हं निवडली तीही बतुकम्मा ते दसरा या दिवसांतली: राज्यफूल तंगेडू, राज्यवृक्ष जम्मी, म्हणजे शमी, जिची पानं तिथे दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात, राज्यपक्षी पालपिट्ट, म्हणजे नीलपंख, ज्याचं दसऱ्याला दर्शन शुभ मानतात. उरला तो राज्यप्राणी, ठिपक्यांचं हरीण. या निवडीमागचा विचार मला मनापासून आवडतो. माळावरच्या तरवडाला राज्यफुलाचा मान देणारं सरकार निदान आपल्या जमिनीकडे पाहत होतं.

पुढे उत्सवाला खजिना जोडला गेला. 2017 पासून रेशनकार्डावरच्या बायकांना बतुकम्माच्या साड्या वाटल्या जाऊ लागल्या. पहिल्या वर्षी कापडाच्या दर्जावरून ओरड झाली, काही ठिकाणी बायकांनी साड्या जाळल्या. पण योजनेचा दुसरा पाय सिरसिल्लात होता. तिथल्या यंत्रमागांवर सुमारे एक कोटी साड्यांचं काम जाई आणि हलाखीतल्या विणकरांना त्यामुळे वर्षातले काही महिने खात्रीचं काम मिळे. नव्या काँग्रेस सरकारने 2024 मध्ये ही साडी बंद केली, तेव्हा पहिला फटका मागांना बसला. सणाच्या नावाने चालणारी योजना पक्षाच्या नावाशी जुळली की तिचं आयुष्य निवडणुकीएवढंच राहतं.

खूण कुणाची, हा वाद मूर्तीपर्यंतही गेला. आधीच्या तेलंगणा तल्लीच्या, म्हणजे तेलंगणा मातेच्या, डोक्यावर मुकुट आणि हातात बतुकम्मा होती. 9 डिसेंबर 2024 ला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी सचिवालयात नवी मूर्ती उभी केली: हिरव्या साडीतली साधी बाई, एका हातात धान्याची कणसं, दुसरा हात अभय देणारा. मुकुट गेला, बतुकम्माही गेली. मुकुटवाली राणी ही सामान्यांची आई नव्हे, असं सरकारचं म्हणणं. आमची ओळख पुसली, असा विरोधकांचा आरोप. मुकुट काढणं मला पटतं. हातातली फुलं काढायला नको होती. ती कुठल्याच राणीची नव्हती.

मात्र या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पाणी. विसर्जनाला तळं लागतं आणि तेलंगणाचं शेतीजीवन काकतीय राजांच्या काळापासून तळ्यांवर उभं आहे. एका तळ्याचं जादा पाणी खालच्या तळ्यात, अशा त्यांच्या साखळ्या आहेत. 2015 मध्ये सुरू झालेल्या मिशन काकतीय या सरकारी योजनेने सुमारे 46 हजार तळ्यांचा गाळ काढायचं ठरवलं. हैदराबादमध्ये तर तळीच बुजत गेली. अंबरपेठच्या तळ्याचं नावच बतुकम्मा कुंटा. राडारोड्याखाली गेलेलं हे तळं सुमारे पाच एकरांत पुन्हा खोदून 2025 च्या सणाला खुलं झालं. फुलांचंही तसंच. शहराला ती गुडीमल्कापूरच्या फुलबाजारातून विकत घ्यावी लागतात आणि तणनाशक फवारलेल्या रानात कुर्डू टिकत नाही.

हा सण पाहायला हैदराबादला जायचं असेल तर स्टेडियममधल्या विक्रमी, साठ फुटांच्या गौरीपेक्षा सद्दुल बतुकम्माच्या संध्याकाळी कुठल्याही जुन्या वस्तीतलं देऊळ गाठा. फेरात अनोळखी बाईलाही जागा मिळते, टाळीचा ठेका दोन फेऱ्यांत जमतो. अंधार पडल्यावर ताटं तळ्याकडे निघतात. तिथे हळद एकमेकींना लावून प्रसाद वाटला जातो, तेव्हा ओंजळ रिकामी ठेवा.