त्रास म्हणजे नेमका किती?

परवा रात्री आमच्या विंगमध्ये नेहमीप्रमाणे सबमिशनच्या फाइली उतरवून काढणं चालू होतं. तेवढ्यात एकाला कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यांवर एक फक्कड विनोद सुचला. त्याने तो मोबाईलवर लिहून काढला. सगळे हसले. आता ग्रुपवर टाकणार, एवढ्यात रूम पार्टनर म्हणाला, "अरे गप बस, उगाच पोलीस येतील उचलायला." झालं! विनोद डिलीट झाला आणि सगळे परत फाइलींकडे वळले.

मला मात्र राहून राहून वाटत होतं, की खड्ड्यांवर बोललं तर पोलीस उचलतात हे आपल्याला शिकवलं कोणी? या प्रश्नाचा माग काढताना मी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या घटनेपाशी पोचलो. ती बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण अर्धीच.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मी तेव्हा दुसरीत होतो. सगळी दुकाने बंद आणि घरातले सगळे टीव्हीसमोर, एवढेच आठवते. लाखो लोक त्या दिवशी मनापासून रडले, हे खरेच आहे. त्याच दिवशी पालघरच्या एका विशीतल्या मुलीने फेसबुकवर लिहिले, की माणसे रोज जातात, जग चालूच राहते आणि आजचा बंद आदरापेक्षा भीतीपोटी आहे, अशा अर्थाचे. तिच्या मैत्रिणीने ते लाईक केले. बस्स, गुन्हा एवढाच! (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.)

तक्रार झाली, जमाव जमला. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. आणि १९ तारखेला त्या दोघींना अटक झाली. लिहिणारीला तर झालीच, लाईक करणारीलाही झाली. त्याच दिवशी प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. पण अटक ती अटकच.

आता प्रश्न येतो, की पोलिसांच्या हातात असे कोणते हत्यार होते? इतर कलमांबरोबर त्यात होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. डिसेंबर २००८ मध्ये संसदेत गोंधळ चालू असताना, लोकसभेत चर्चाही न होता ही दुरुस्ती मंजूर झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. संगणकावरून किंवा मोबाईलवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवला, किंवा खोटी माहिती वारंवार पाठवून कुणाला 'त्रास' दिला, 'गैरसोय' केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद. शिवाय गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते.

आपण इंजिनिअरिंगवाले. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये भोक तपासायला प्लग गेज हातात देतात ते आठवा. एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. जॉब पास की नापास, यात इन्स्पेक्टरच्या मूडचा काही संबंध नाही. आता समजा ड्रॉइंगवर मापच नाही, नुसते लिहिलंय 'भोक फार मोठे नसावे'. मग काय होईल? ज्याचा आवाज मोठा, त्याचा जॉब पास! कलम ६६-अ नेमके असेच होते. 'त्रास' म्हणजे किती? कुणाला झालेला? माझ्या मेसमधल्या भाजीवरच्या शेऱ्याने मेसवाल्या काकांना त्रास होतोच की! मापच नसल्यामुळे निर्णय त्या रात्री ड्युटीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती गेला, आणि खरे सांगायचे तर पोलीस ठाण्याबाहेर उभ्या असलेल्या जमावाच्या हाती गेला.

जुलूम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी मिशा पिळणारा हुकूमशहा येतो. इथे तसा कुणीच नव्हता. होता तो मोजमाप नसलेला शब्द आणि घाबरलेली यंत्रणा. जुलमाला तेवढेही पुरते.

मग याला विरोध कोणी केला? मोर्चे निघाले नाहीत की रेल रोको झाला नाही. वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहिले. चौकशी बसली आणि आठवड्याभरात ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांसह दोन अधिकारी निलंबित झाले. पुढे पोलिसांनी मुलींवरचा खटलाही मागे घेतला.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. पण कलम तर पुस्तकात तसेच होते! उद्या दुसऱ्या कुणाला तरी लागू झालेच असते. तेव्हा दिल्लीत श्रेया सिंघल नावाची २१ वर्षांची मुलगी होती, म्हणजे आपल्या टी.ई.-बी.ई.च्या वयाची. पालघरची बातमी वाचून तिने थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिला स्वतःला अटक झाली नव्हती, पालघरशी तिचा काही संबंध नव्हता. तिचे म्हणणे साधे होते: हे कलम घटनेत बसत नाही. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नका, अशी सूचना काढली. इतर याचिकाही जोडल्या गेल्या. शेवटी २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ पूर्णपणे रद्द केले.

निकालाचा गाभा व्हायवाला विचारावा इतका सोपा आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी त्यांना घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की मगच सरकारला बंधन घालता येते. तेही १९(२) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच. आणि त्या यादीत 'त्रास' आणि 'गैरसोय' नाहीत. हे झाले माप!

पण थांबा. सर्व्हरवर पॅच टाकला म्हणून प्रत्येक मशीनवर तो इन्स्टॉल होतोच असे नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवणे चालूच राहिले. २०२१ मध्ये पीयूसीएल या संघटनेने आकडेवारी घेऊन पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठले. ११ राज्यांत ७४५ खटले जिल्हा न्यायालयांत तसेच पडून होते, आणि त्या राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. न्यायालयाला धक्काच बसला. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने सर्व राज्यांना बजावले, की या कलमाखाली कुणावरही खटला चालता कामा नये. म्हणजे निकालानंतर साडेसात वर्षे!

आणि ६६-अ गेले म्हणून सगळे आलबेल झाले असेही नाही. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांवरच्या एका फेसबुक पोस्टबद्दल ठाणे पोलिसांनी वेगळ्या कलमांखाली अटक केली. सुटका व्हायला सुमारे ४० दिवस लागले. त्याच सुमारास अशाच एका ट्विटसाठी नाशिक जिल्ह्यातला फार्मसीचा विद्यार्थी महिनाभराहून अधिक काळ कोठडीत होता. ती पोस्ट मला स्वतःला मुळीच आवडली नाही. पण प्रश्न आवडीचा नाहीच. २०१२ ला नेते वेगळे, २०२२ ला वेगळे, सरकारही वेगळे. आज ज्यांच्या बाजूचा जमाव मोठा, उद्या त्यांचाच छोटा असू शकतो. माप सगळ्यांना सारखेच हवे ते यासाठी.

म्हणून मित्रांनो, चार गोष्टी लक्षात ठेवू या. अटकेचे कारण सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते. हे तिन्ही घटनेच्या कलम २२ मध्ये आहे. चौथी गोष्ट: ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, अटकेची गरज नसेल तर आधी नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ३५ मध्ये ही तरतूद आहे. मुलींसाठी आणखी एक: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद वगळता, स्त्रीला अटक करता येत नाही.

यातले काही पाठ करायला रात्र जागवावी लागत नाही. पण "साहेब, कलम कोणते?" एवढा एक प्रश्न शांतपणे विचारता आला तरी खूप झाले. आणि हो, दुसऱ्याला उचलले असेल तेव्हाही तो विचारायचा. श्रेयाने तेच केले.

असो. खड्ड्यांचा तो विनोद मी रूम पार्टनरच्या नाकावर टिच्चून पुन्हा लिहून घेतला आहे. संपादक म्हणालेत, शेवटच्या पानावर जागा उरली तर छापू!