गॅझेटमध्ये नाव कुणाचेच नाही

2 सप्टेंबर 2025 ला राज्य सरकारचा जीआर निघाला आणि परभणी जिल्ह्यात सेतू केंद्रापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच वाक्य फिरू लागले: 'हैदराबाद गॅझेट लागू झाले, आता मराठवाड्यातला सगळा मराठा ओबीसीत.' कुणी हे आनंदाने सांगत होते, कुणी धास्तीने. वस्तुस्थिती वेगळी आहे.

ज्याला आपण गॅझेट म्हणतो ते निजामकाळातले गॅझेटियर. त्यात जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक होते याचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. अशा आकड्यांवरून समाजाचा इतिहास मांडता येतो, पण सेलू किंवा पाथरीच्या एखाद्या कुटुंबाची जात सिद्ध होत नाही. म्हणून त्या जीआरनेही सरसकट काही दिलेले नाही. अर्जदाराने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या जमिनीचा पुरावा द्यायचा. तो नसेल तर त्या तारखेआधी आपले पूर्वज त्या भागात राहत होते याचे प्रतिज्ञापत्र करायचे. गावातल्या किंवा कुळातल्या नातेवाइकाकडे कुणबी प्रमाणपत्र असेल तर त्याचाही आधार घेता येतो. मग गावपातळीवरची समिती चौकशी करते आणि निर्णय सक्षम अधिकारी घेतो. कुणबी हे ओबीसी यादीत 1967 पासून आहेतच. 'मराठा-कुणबी' आणि 'कुणबी-मराठा' 2004 मध्ये जोडले गेले. म्हणजे नवी जात यादीत आली नाही, जुन्या जातीचा पुरावा शोधण्याची वाट थोडी रुंद झाली. मराठवाड्यात हा पुरावा दुर्मीळ, कारण आपला भाग 1948 पर्यंत निजामाकडे होता आणि जुनी दप्तरे उर्दू, फारसी, मोडीत आहेत. ती धुंडाळायलाच 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली.

याच गॅझेटियरचा हवाला देत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीची मागणी लावून धरली. मागणी करण्याचा हक्क आहेच, पण ती यादी बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. मुंबईत जीआर काढून ते होत नाही, हे व्यासपीठावरून क्वचितच सांगितले जाते.

दुसरा समज: 'ओपन म्हणजे बिगर-आरक्षितांच्या जागा.' राज्यात अनुसूचित जाती 13, जमाती 7, ओबीसी 19, विमुक्त-भटक्या 11, विशेष मागास 2, त्यावर ईडब्ल्यूएस 10 आणि 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला एसईबीसी 10 टक्के. बेरीज 72. शेवटच्या 10 टक्क्यांना उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. उरलेल्या 28 टक्के जागा कुणाच्याच नावावर नाहीत. कोणतीही सवलत न घेता गुणांवर वर आलेला मातंग किंवा वंजारी उमेदवारही त्यांवर बसतो. हे इंद्रा साहनी खटल्यात 1992 लाच स्पष्ट झाले.

'आरक्षण दहाच वर्षांसाठी होते' हे तर पाठच झाले आहे. दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना होती आणि ती वेळोवेळी वाढली. शिक्षण-नोकरीच्या आरक्षणाला घटनेत मुदतच नाही.

घोळ सर्वात जास्त आठ लाखांच्या मर्यादेवर होतो. ओबीसीच्या नॉन-क्रिमीलेअरसाठी उत्पन्न मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत; नोकरीत पाहतात ते पद. वडील वर्ग एकचे अधिकारी म्हणून थेट लागले असतील तर मुलगा बाद, पण शिक्षकाचा पगार आठ लाखांवर गेला एवढ्यावरून मुलगी बाद होत नाही. ईडब्ल्यूएसमध्ये मात्र सगळे उत्पन्न धरतात, शिवाय केंद्राच्या निकषात पाच एकर शेती असली की माणूस अपात्र. जिंतूरच्या माळरानावरचे पाच एकर कोरडवाहू आणि कालव्याखालचे पाच एकर दिल्लीला सारखेच दिसते. हा निकष मला तरी अन्यायाचा वाटतो. आणखी एक: एसईबीसी हे फक्त राज्याचे. त्याच घरातला मराठा मुलगा केंद्राच्या भरतीत ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकतो. कुणबी प्रमाणपत्र घेतले, तर मात्र तो ओबीसी.

आरक्षण जातीचेच असते, हेही खरे नाही. वैद्यकीय प्रवेशात 70:30 चे प्रादेशिक आरक्षण होते. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून चांगले गुण असूनही आपल्या मुलांची संधी हुकायची. ते 2020 मध्ये रद्द झाले; परभणीचे स्वतःचे सरकारी मेडिकल कॉलेज 2023 मध्ये सुरू झाले. माझ्या मते या दोन गोष्टींवर आपण जितके बोलायला हवे होते तितके बोललो नाही.

आणि बाह्यसंस्थेमार्फत कंत्राटी भरती? सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत पदे भरण्याचा जीआर काढला होता, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. अशा भरतीत कुणाचेच आरक्षण नसते. टक्क्यांसाठी भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी आधी कायम पदे किती निघतात ते विचारावे.

घरात यंदा अकरावी-बारावी सायन्सचे मूल असेल, तर गॅझेटची चर्चा बाजूला ठेवा. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा काढा आणि कॉलेजचे पत्र जोडून जात पडताळणी समितीकडे व्हॅलिडिटीचा अर्ज आजच भरा. निकालानंतर धावाधाव करून ती वेळेत मिळेलच असे नाही.