पोटातली चिकट शर्यत

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. अहोरात्र वळवळणारं, स्वतःच्याच वेटोळ्यांवर घासणारं, तरी ते कुठं चिकटून बसत नाही. ही किमया पेरिटोनियमची. पोटाची पोकळी आतून आणि आतडी बाहेरून मढवणारं हे झिरझिरीत अस्तर उलगडून पसरलं, तर जवळपास आपल्या त्वचेएवढं भरेल. त्याचा पृष्ठभाग म्हणजे पेशींचा जेमतेम एक पदर, आणि वंगणाला काही चमचे द्रव.

ऑपरेशनमध्ये कोरडं गॉज नुसतं घासलं, तरी हा पदर सोलवटतो. काही तासांतच तिथं फायब्रिनच्या चिकट धाग्यांचं जाळं विणलं जातं. शेजारचं आतडं टेकलेलं असेल, तर तेही त्यात सापडतं. एरवी यातून काही बिघडत नाही. अस्तराच्या शाबूत पेशी प्लाझ्मिन तयार करवतात आणि प्लाझ्मिन धागे विरघळवून टाकतं. खाली नवा पदर धरतो, तोही अजब रीतीनं. कातडीची जखम कडांकडून आत भरत येते. इथं मात्र पहिल्या पावसानंतर माळ हिरवा व्हावा तशी सगळी जागा एकदम भरते. म्हणून मोठ्या जखमेलाही लहानीएवढाच, आठवडाभराचा वेळ पुरतो.

पण शस्त्रक्रियेच्या इजेनं धागे विरघळवण्याची ताकदच काही दिवस मंदावते. तीन ते पाच दिवसांत जाळं साफ झालं नाही, तर फायब्रोब्लास्ट पेशी त्यात शिरतात आणि कोलॅजन रचतात. मग त्या पट्ट्यात रक्तवाहिन्या येतात, मज्जातंतूही येतात. तात्पुरतं जाळं आता जिवंत ऊती झालेलं असतं.

1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या 210 रुग्णांपैकी 93 टक्क्यांच्या पोटात अशी चिकटण आढळली. बहुतेकांना तिचा पत्ताही लागत नाही. काहींत मात्र कित्येक वर्षांनी आतडं त्या पट्ट्यात अडकतं: पोट फुगतं, कळा येतात, उलट्या होतात, वारा सरत नाही. तेव्हा तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

कॅनडातल्या कॅल्गरीच्या संशोधकांनी 2021 मध्ये उंदरांच्या पोटात एक नवल पाहिलं. पोटातल्या द्रवात तरंगणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जखमेपाशी काही मिनिटांत गोळा होऊन तिला बूच लावतात. सी अर्चिनसारख्या प्राचीन सागरी जीवांतही पेशी अशाच एकवटतात. जखम मोठी असली की हेच बूच वाढून चिकटण होते.

सर्जन आपल्या परीनं काळजी घेतात: हलका हात, ओलसर ऊती, बिनपावडरचे हातमोजे, शक्य तिथं दुर्बिणीतून ऑपरेशन. मग चिकटणं मुळातच बंद का करू नये? कारण फुटू पाहणाऱ्या अपेंडिक्सभोवती शेजारच्या ऊती चिकटतात, म्हणून पू पोटभर पसरत नाही. कापून पुन्हा जोडलेल्या आतड्याचा सांधाही सुरुवातीला याच फायब्रिनच्या भरवशावर बंद राहतो. औषध शोधणाऱ्यांपुढचा पेच हाच: सांध्यावर चिकटायला हवं, आणि बोटभर पलीकडे अजिबात नको.