व्यवसायोपचारातील डॉक्टरेट

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा घास उचलू लागावा, यासाठी जे शास्त्र झटते त्यास व्यवसायोपचार म्हणतात. आपल्या देशात त्याचे शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

या शाखेत डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्याने प्रथम दोन पदव्यांमधील भेद जाणून घ्यावा. पीएच. डी. ही संशोधनाची पदवी होय. प्रबंध हा तिचा गाभा. अमेरिकेतील ओ. टी. डी. ही मात्र व्यावसायिक पदवी आहे. तिचे दोन प्रकार आहेत: एक नवागतांसाठी, दुसरा आधीच व्यवसायात असलेल्यांसाठी. पहिल्या प्रकारात किमान २४ आठवडे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण आणि त्याखेरीज १४ आठवड्यांचा प्रकल्पानुभव अनिवार्य असतो. अशा अभ्यासक्रमास अधिकृत मान्यता नसेल, तर परवान्यासाठी लागणाऱ्या परीक्षेस बसता येत नाही.

तेथे व्यवसायप्रवेशासाठी मास्टर्स पदवीही ग्राह्य धरली जाते. म्हणून अधिक वर्षांचा आणि कर्जाचा भार पत्करण्यापूर्वी, आपणास रुग्णसेवा करावयाची आहे की अध्यापन व संशोधन, याचा निर्णय विद्यार्थ्याने करावा. पदवीची निवड त्यानंतरची गोष्ट आहे.